कुणालाही, कशासाठीही

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये खोट काढायची, हा माझा धंदा. निषाद माझा नवरा, आणि तो प्रोग्रॅम लिहितो, म्हणजे आमचं लग्न मुळातच भांडणावर उभं आहे. पण दिशाच्या आवाजावरून मी जे बोलले होते ते भांडायचं म्हणून बोलले नव्हते. ते त्याने ऐकलं असतं तर रत्नामावशींवर ही वेळ आली नसती. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय, म्हणून इथेही सांगते. पाठीमागे बोलायची मला सवय नाही.

आम्ही दोघं विदर्भातले. तो अकोल्याचा, मी वाशिमची. हिंजवडीत नोकऱ्या लागल्या आणि आम्ही कासारसाईला भैरूमामांच्या माडीवर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खाली भैरूमामा, रत्नामावशी आणि त्यांची एकुलती एक लेक दिशा. भातशेती, दोन म्हशी, आणि समोर धरणाचं पाणी. पहिल्याच दिवशी मावशींनी मला विचारलं, ‘भाकरी येती का गं?’ मी म्हटलं, येते, पण तुमच्यासारखी नाही. तेव्हापासून संध्याकाळच्या भाकरी खालूनच यायच्या, आणि त्या घेऊन दिशा यायची.

दिशा हिंजवडीत एका झेरॉक्सच्या दुकानात बसायची आणि बाहेरून बी.ए. करायची. भाकरीचं ताट ठेवून ती निषादच्या मागे उभी राहायची आणि विचारायची, ‘दादा, आज पास झालं का नापास?’

कारण निषाद रोज नापास व्हायचा. कंपनीतून आला की हा माणूस पुन्हा कॉम्प्युटरपुढे. लिनक्स नावाची, कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम असते, तिची एक जात आहे. जगभरची माणसं मिळून ती तयार करतात आणि फुकट देतात. कुणीही घ्यावी, आत काय आहे ते उघडून बघावं, बदलावं. तिच्यात एखादा प्रोग्रॅम घालायचा तर त्याचं पॅकेज करून पाठवावं लागतं. पॅकेज म्हणजे भरलेला डबा समजा. आत काय आहे, कुणी केलं, सोबत आणखी काय लागतं, कुणाला घ्यायची परवानगी आहे, हे सगळं डब्यावर लिहायचं. तिकडे परीक्षक बसलेले, तेही बिनपगारी. ते डबा उघडून हुंगतात आणि बहुतेक वेळा परत पाठवतात. एकदा वर्णनाच्या ओळीला शेवटी पूर्णविराम दिला म्हणून निषादचं पॅकेज परत आलं. मी आणि दिशा पोट धरून हसलो. निषाद मात्र गंभीर. ‘बरोबर आहे त्यांचं, नियम म्हणजे नियम,’ म्हणाला आणि पूर्णविराम काढून पुन्हा पाठवलं.

आता या वेडामागे एक खरी गोष्ट होती, ती सांगितली पाहिजे. निषादचे थोरले भाऊ चंद्रकांतदादा जन्मापासून आंधळे आहेत. अकोल्याला बँकेत टेलिफोन ऑपरेटर. त्यांच्या कॉम्प्युटरवर पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम होता, पण तो इंग्रजी तेवढं वाचायचा. मराठी अक्षरं आली की मुका. ‘मला जगातलं सगळं वाचता येतं, फक्त आपल्या आईचं पत्र येत नाही,’ असं दादा एकदा हसत म्हणाले. निषाद त्या दिवशी जेवला नाही. बोलणाऱ्या प्रोग्रॅमला मराठी आवाज द्यायचा, त्याचं पॅकेज करायचं आणि दादांसारख्या सगळ्यांना फुकट मिळू द्यायचं, असं त्याने ठरवलं.

असा आवाज करायला एक माणूस लागतो. त्याने शेकडो वाक्यं वाचायची. मग त्या वाचनाचे बारीक तुकडे करायचे. ते तुकडे जोडून कॉम्प्युटर कुठलंही नवं वाक्य बोलतो, जे त्या माणसाने जन्मात उच्चारलं नसेल तेसुद्धा, आणि आवाज मात्र त्याचाच. निषादने आधी माझा आवाज घेतला. दुसऱ्याच दिवशी म्हणाला, ‘तू साधं वाक्यही भांडल्यासारखं वाचतेस, तुकडे जुळत नाहीत.’ वाचणाऱ्याने राग, लोभ, हसू काही येऊ द्यायचं नाही. सगळी वाक्यं एका सुरात.

ते दिशाला जमलं. दुकानात दिवसभर ‘किती प्रती, पाठपोट की एका बाजूने’ विचारून तिचा सूर सरळ झाला होता म्हणे. भैरूमामांच्या घरात भाताच्या पोत्यांची खोली होती, तिथे आवाज घुमत नसे. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या खोलीत पोत्यांवर बसून दोघं रेकॉर्डिंग करायचे. मी दाराशी पहारा. कोंबडी आली तर हाकलायची, मावशींनी हाक मारली तर त्यांना थांबवायचं. वाक्यं एकेक भन्नाट होती. ‘ढगांच्या गडगडाटाने ठकूची झोप उडाली.’ ‘ऋषींनी यज्ञात तूप ओतले.’ दिशा मध्येच फुटायची, हसायची, मग तोंड पुसून परत त्याच सरळ सुरात वाचायची.

निषादने तिला तेव्हाच विचारलं होतं, ‘हा आवाज मी सगळ्यांना देणार आहे, चालेल ना?’

‘घ्या की,’ ती म्हणाली. ‘मी काय त्याचं लोणचं घालनार हाय?’

तेवढ्यावर विषय संपला. कागदावर घ्यावं असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. घरातलीच पोरगी, तिच्याकडून कसला कागद घ्यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात दिशा गेली. दुकानातून स्कूटीवर घरी येत होती, खडी भरलेल्या डंपरने उडवली. मला त्याबद्दल जास्त बोलवत नाही. रत्नामावशी कितीतरी दिवस संध्याकाळी तिच्या वाटणीची भाकरी थापत होत्या, आणि मग ती म्हशीला घालत होत्या. मला वर बसून तव्याचा आवाज ऐकू यायचा.

निषादने काही महिने ते काम उघडलंसुद्धा नाही. मग त्या सिस्टीमची नवी आवृत्ती निघायची वेळ आली. ठरलेल्या तारखेनंतर दार बंद, मग पुढची दोनेक वर्षं नवं पॅकेज आत जात नाही. चंद्रकांतदादांनी काही विचारलं नाही, पण त्यांनी न विचारणं निषादला टोचत होतं. त्याने आवाज जुळवला, डबा भरला आणि पाठवला.

परीक्षकाचं उत्तर आलं. नॉर्वेचा कुणी माणूस होता. काम उत्तम आहे, पण आवाज कुणाचा? त्या व्यक्तीची लेखी परवानगी कुठे आहे? निषादने लिहिलं, तिने तोंडी हो म्हटलं होतं आणि ती आता नाही. तो माणूस काही दगड नव्हता. फार वाईट वाटलं, असं त्याने लिहिलं. पण पुढे लिहिलं की तोंडी हो चालत नाही, वारसांनी लिहून द्यावं लागेल. आणि काय लिहून द्यायचं तेही कळवलं. हा आवाज कुणालाही वापरता येईल, कशासाठीही, बदलून, मोडून, विकूनसुद्धा.

‘कशासाठीही म्हणजे काय रे?’ मी विचारलं.

‘म्हणजे कशासाठीही. मुक्त सॉफ्टवेअरचा पायाच आहे तो.’

‘पाया गेला खड्ड्यात. उद्या कुणी तिच्या आवाजात घाणेरडं बोलवून घेतलं तर?’

‘कोण घेईल?’

‘टेस्टरला विचारतोस कोण घेईल? जे करता येतं ते कुणीतरी करतंच. आमचं पोट त्याच्यावर चालतं.’

‘तू ना, जानू, माणसांतही बग शोधायला बघतेस,’ तो म्हणाला आणि कागद घेऊन खाली गेला. मी मागोमाग गेले.

भैरूमामा ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन मागितलं. ‘पोरगीच न्हाई ऱ्हायली, आवाज कुलपात घालून काय करू?’ म्हणाले आणि सही करून गोठ्याकडे निघून गेले.  रत्नामावशींनी मात्र निषादला सगळं पुन्हा सांगायला लावलं.

‘म्हंजी ती बोलंल? जे कुनी लिवंल त्ये?’

‘हो मावशी. आंधळ्या माणसांना वाचून दाखवेल. पुस्तकं, पेपर, पत्रं.’

‘दिऊन टाक. पर येक लिव त्यात. माझ्या लेकीच्या तोंडी वंगाळ घालायचं न्हाई. शिवी न्हाई, खोटं न्हाई. एवढं पाळा, मंग कुनालाबी द्या.’

निषादने ते तसंच्या तसं लिहिलं. खोटं, वाईट कामासाठी हा आवाज वापरू नये. त्याच आठवड्यात पॅकेज परत आलं. अट घातलेली चीज आमच्या सिस्टीममध्ये बसत नाही, असं त्या नॉर्वेवाल्याने समजावून लिहिलं होतं. अट चांगली असली तरी नाही. कारण चांगलं काय आणि वाईट काय हे ठरवणार कोण? आज आई ठरवेल, उद्या सरकार ठरवेल.

निषादने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, ‘मला पटतं त्याचं.’

माझं डोकंच फिरलं. ‘तुला पटणारच! मेलेली पोरगी तुझी नाही ना!’

असं बोलायला नको होतं, पण बोलले, आणि खरं सांगायचं तर आजही मागे घेत नाही.  त्याचा चेहरा पाहून माझा मलाच राग आला, आणि त्याच्यावरचाही कमी झाला नाही. तारीख जवळ येत होती. त्याने दादांना फोन लावला आणि फोन घेऊन खाली मावशींकडे गेला.

दादांनी काही गळ घातली नाही. ते एवढंच म्हणाले की आमच्या आईची पत्रं पेटीत पडून आहेत, आई गेली तेव्हा मी ती पत्रं दुसऱ्याकडून वाचून घेतली, एकदा स्वतः ऐकायची आहेत. मावशी फोन कानाला लावून ऐकत होत्या. ‘व्हय बाबा,’ म्हणाल्या. ‘व्हय.’ मग फोन ठेवून त्यांनी निषादकडे बघितलं.

‘आंधळ्या मानसाला न्हाई कसं म्हनू? पर मला सांग, खरंच कुनी वंगाळ न्हाई ना घालनार तिच्या तोंडी?’

‘मावशी, असल्या कामाला कोण कशाला हात लावेल? आंधळी माणसंच वापरणार हे.’

तो खोटं बोलला नाही. त्याला अगदी मनापासून तसं वाटत होतं, आणि तिथेच सगळी गोची आहे. जगात जो तो आपल्यासारखाच सज्जन, असं मानणाऱ्या माणसाने दुसऱ्याला हमी देऊ नये. मावशींनी अट काढलेल्या कागदावर सही केली. सही करताना त्यांची जीभ दातांत धरलेली होती, लहान पोरांची असते तशी.

पॅकेज पास झालं. दिशाचा आवाज त्या सिस्टीममधून जगभर गेला. आणि चांगलंही झालं, ते मी नाकारत नाही. चंद्रकांतदादांनी पेटीतली पत्रं कुणाकडून तरी टाइप करून घेतली आणि ऐकली. कोल्हापूरच्या एका आंधळ्या मुलीने निषादला मेल पाठवली की आता मला अभ्यासाला कुणाच्या पाया पडायला लागत नाही. निषाद असली प्रत्येक मेल खाली जाऊन मावशींना सांगायचा. त्यांना बरं वाटायचं. पण आवाज ऐकवू का म्हटलं की लगेच हात आडवा करायच्या. ‘नगं. आईकवू नगंस.’

अशी दोनेक वर्षं गेली. तोवर आमच्या भोवतालची निम्मी भातखाचरं विकली गेली होती आणि बांधांवर प्लॉटच्या हद्दीचे रंगीत दगड रोवले गेले होते. भैरूमामांकडेही मोटरसायकलवरून एजंट यायचे. मामा त्यांना चहा पाजायचे आणि नाही म्हणून परत पाठवायचे.

दोन हजार नऊची दिवाळी नुकतीच झाली होती. सुट्टीचा दिवस. मी केस धुऊन गॅलरीत उभी होते, तर रत्नामावशी जिना चढून वर आल्या. त्या कधी वर येत नाहीत, गुडघे दुखतात. हातात त्यांचा मोबाइल.

‘जान्हवी,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘दिशीचा फोन येतो गं मला.’

 मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, दुःख एवढे दिवस आत कोंडलेलं, ते आता डोक्यात गेलं. त्यांनी माझा हात बाजूला केला.

‘मला याड लागलंय वाटतंया व्हय तुला? थांब जरा. या टायमाला येतोच.’

आम्ही बसून राहिलो.  आणि खरंच फोन वाजला. मावशींनी बटण दाबलं आणि फोन आम्हा दोघींच्या मध्ये धरला.

‘नमस्कार, रत्नाबाई. मौजे कासारसाई येथील आपल्या जमिनीला सर्वात चांगला भाव देणारे ग्राहक आमच्याकडे आहेत. ही संधी फक्त आजच्या दिवस आहे. माहिती हवी असल्यास एक दाबा. पुन्हा फोन नको असल्यास दोन दाबा.’

दिशा. सरळ, एका सुरातली, दुकानातली दिशा.  निषाद आत दाढी करत होता, तो तसाच फेसासकट बाहेर आला आणि दारात खिळून उभा राहिला. मावशींनी एक दाबलं. ‘धन्यवाद, रत्नाबाई,’ दिशा म्हणाली, ‘आमचे प्रतिनिधी आपल्याशी बोलतील.’ मग एका पुरुषाचा आवाज आला, ‘हॅलो, बोला ताई,’ आणि मावशींनी फोन बंद केला.

‘त्यो बाप्या आला की मी ठिवती,’ त्या म्हणाल्या. ‘पर येक दाबलं की ती आनिक बोलती.’

तेव्हा मला कळलं की मोटरसायकलवाले अलीकडे रोज का यायला लागले होते, आणि ‘मावशींनी होकार कळवलाय’ असं का म्हणत होते. एक दाबणं म्हणजेच त्यांच्या लेखी होकार. भैरूमामांनी त्यांना शिव्या घालून हाकललं होतं. चुलतभावानेच कारस्थान केलं असणार, असं धरून त्याच्याशी बोलणंही टाकलं होतं.

निषादने त्या नंबरावरून शोध काढला. पुण्यातली एक छोटी कंपनी, जमिनीच्या दलालांना कॉम्प्युटरवरून फोन लावून द्यायची. याद्या घ्यायच्या, नावं घालायची, बाकी बोलणं मशीनचं. फोनवर एक तरुण मुलगा आला. निषादने नाव सांगितल्यावर तो खूश झाला. ‘सर, ते मराठी आवाजाचं पॅकेज तुमचं? काय मस्त काम आहे सर! आम्ही सगळं त्याच्यावरच बसवलंय. आणि सर, नियमाप्रमाणे दिशा मॅडमचं नावही ठेवलंय आम्ही फाइलमध्ये.’

‘तो आवाज तुम्ही थांबवा,’ निषाद म्हणाला.

‘का सर? कशासाठीही वापरायची परवानगी आहे ना? तुम्हीच दिलीय.’ तो उद्धटपणे बोलत नव्हता. त्याला खरोखर कळत नव्हतं. ‘संधी फक्त आजच्या दिवस’ हे रोज सांगता ते खोटं नाही का, असं निषादने विचारलं, तर तो हसला. सर, मार्केटिंग आहे, म्हणाला. मग फार अजिजीने म्हणाला की तुमच्या ओळखीच्या कुणाला त्रास होत असेल तर नंबर सांगा, लगेच यादीतून काढतो.

निषादने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी बोलेन म्हणून वाट बघत होता.  त्याला वेगळं काही सांगायची गरजच नव्हती.

संध्याकाळी आम्ही मावशींना पुन्हा वर बोलावलं. निषादने त्यांच्यापुढे खाली बसून सगळं सांगितलं. आवाज कुठून गेला, कुणी घेतला, आणि आपण त्यांना अडवू शकत नाही, कारण तसं लिहून दिलंय.  ‘मावशी, माझं चुकलं. मी तुमचा नंबर काढायला सांगतो. पुन्हा फोन येणार नाही.’

‘काढू नगंस,’ मावशी म्हणाल्या.

‘मावशी, मशीन आहे हो ते.’

‘मला ठावं न्हाई व्हय? मी काय खुळी हाय का रं?’ त्या एकदम तडकल्या. ‘पर माझं नाव घेऊन बोलती ती. जित्तेपनी कदी आईचं नाव घेतलं न्हाई, आता घेती बघ, अगोचर. रोज वाट बघती मी.’

‘माझ्याकडे तिचं सगळं रेकॉर्डिंग आहे. तेच लावून देतो, खरं तिने वाचलेलं.’

‘त्ये वाचल्यालं. मला काय करायचंय वाचल्यालं?’ मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘ह्याच्यात तू लिवशील त्ये बोलती ना ती?’

मला पुढचं कळलं. ‘मावशी, नको,’ मी म्हटलं. ‘निषाद, खबरदार.’

‘तू गप. येकदा. आई म्हनाया लाव तिला.’

ज्या बाईने लेकीच्या तोंडी खोटं घालू नका म्हणून अट घातली होती, ती हे मागत होती. निषादने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने कॉम्प्युटर उघडला, दोन अक्षरं टाइप केली.

‘आई,’ दिशा म्हणाली.

मावशींनी मान वाकडी करून ऐकलं. ‘परत,’ म्हणाल्या. त्याने परत लावलं.

‘आई.’

‘अशी न्हाई म्हनायची ती.’ त्या पुढे सरकल्या. ‘लांबवायची. दारातनं चपला काढता काढता. जरा लांबव की.’

त्याने लांबवलं. मग चढवलं. मग खाली आणलं. मावशी सांगत होत्या, भूक लागली की कशी, रुसली की कशी, पावसात भिजून आली की कशी, आणि निषाद आकडे बदलत होता. दर वेळी शब्द येत होता, आवाज तिचाच होता, आणि हाक येत नव्हती. ‘आईऽ.’ ‘आईऽऽ.’ वाक्यांच्या ढिगातून कापलेल्या तुकड्यांत हाक असणार कुठून? त्या पोरीला आम्हीच सांगितलं होतं, काही वाटू देऊ नकोस म्हणून.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. भैरूमामा होते. गोठ्यातून तसेच पळत आलेले, पाय शेणाने माखलेले, श्वास लागलेला. दारात उभं राहून त्यांनी आमच्या तिघांकडे बघितलं, मग खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात बघितलं.

‘कुटं हाय?’ ते म्हणाले.

 मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

‘न्हाई वो,’ त्या म्हणाल्या. ‘दिशी न्हाई ही. चला खाली.’

त्यांनी मामांचा हात धरला आणि दोघं एकेक पायरी उतरून गेले. निषाद कॉम्प्युटरपुढे बसून रडला. मी त्याला जवळ घेतलं नाही. घ्यावंसं वाटलं होतं, पण हात पुढे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले होते. खाली मावशी ओट्यावर बसल्या होत्या आणि बाजूला फोन वाजत होता. त्यांनी तो उचलून माझ्यापुढे धरला.

‘ते दोन का काय म्हनती, तेवढं दाब. माझ्यानं न्हाई हुयाचं.’

मी फोन कानाला लावला. नमस्कार, रत्नाबाई. सगळं ऐकून घेतलं, कारण मध्ये दाबायला मलाही जमेना. मग दोन दाबलं.

‘धन्यवाद, रत्नाबाई,’ दिशा म्हणाली. ‘यापुढे आपल्याला त्रास दिला जाणार नाही.’

फोन बंद झाला. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

‘काय म्हनली?’

‘काही नाही मावशी,’ मी म्हटलं. ‘कट झाला.’